अराकूची कॉफी आणि सचोटीचे माप

आंध्र प्रदेशाच्या पूर्व घाटात, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर अराकूचे खोरे आहे. येथील आदिवासी कुटुंबे आपल्या लहान लहान तुकड्यांत, सिल्व्हर ओकच्या सावलीत अरेबिका कॉफी पिकवतात. त्याच वृक्षांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. २०१७ साली या कॉफीचे स्वतंत्र दुकान पॅरिसमध्ये उघडले, तर २०१९ साली ‘अराकू व्हॅली अरेबिका’ला भौगोलिक मानांकन लाभले. अल्पभूधारकांचा माल इतक्या दूर, स्वतःच्या नावाने कसा पोहोचला, हे व्यापारी कुटुंबांनी समजून घेण्याजोगे आहे.

कॉफीची फळे एकाच वेळी पिकत नाहीत. उत्तम चवीसाठी पूर्ण लाल झालेले फळच तोडावे लागते. त्यामुळे एकाच झाडाकडे हंगामात तीन-चार वेळा जावे लागते. तोडलेल्या फळांची साल त्याच दिवशी काढली जाते. बियांवरील चिकट गर सुटावा म्हणून त्या आंबवून धुतात आणि जमिनीचा स्पर्श होऊ न देता उंच जाळ्यांवर हलक्या हाताने परतत वाळवतात. सुमारे सहा किलो फळांपासून एक किलो कच्ची कॉफी मिळते. पुढे परीक्षक तिची चव घेऊन शंभरपैकी गुण देतात. ८० वा अधिक गुण मिळाल्यास ती ‘स्पेशालिटी’ श्रेणीत गणली जाते.

एवढे कष्ट शेतकऱ्याने का घ्यावेत? हिरवी, पिकलेली, किडकी सारी फळे एकाच ढिगात पडून एकच भाव मिळत असेल, तर निवडून तोडणारा तोट्यात जातो. भारतात १९४० च्या दशकापासून कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यातून विक्री होत असे. मालाची प्रतवारी होई. परंतु उत्पादकाचे नाव ग्राहकापर्यंत पोहोचत नसे. १९९० च्या दशकात ही बंधने उठली. तथापि, ज्याच्यापाशी ना साठवणुकीची सोय ना ग्राहकाची ओळख, त्या लहान शेतकऱ्याला केवळ मोकळीक मिळून भागत नाही.

अराकूत नांदी फाउंडेशनच्या साहाय्याने शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. शासनाचे गिरिजन सहकारी महामंडळही खरेदी करते. प्रक्रिया एकत्र केली, तरी गावोगावचा माल वेगळा ओळखता येईल अशी नोंद ठेवणे, हे गुणवत्तेच्या व्यापाराचे मर्म आहे. पेढीवर प्रत्येकाचे खाते वेगळे असते, तसे मालाचेही वेगळे खाते हवे. कोणाच्या मालाला किती गुण मिळाले हे कळले, तरच चांगल्याला चांगला भाव देता येतो.

येथे भांडवलाचा प्रश्नही आहे. शेतकऱ्याला पैसा तोडणीच्या वेळी हवा असतो; तयार कॉफीचे मोल मात्र काही महिन्यांनी हाती येते. मधल्या काळातील व्याजाचा भार कोणी तरी उचलावाच लागतो. तो सहकारी संस्थेने किंवा प्रामाणिक खरेदीदाराने उचलला नाही, तर शेतकरी झाडावरचे पीक सावकाराला आधीच देऊन बसतो. मग लाल फळाची वाट पाहण्याची मुभा त्याला उरत नाही.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ व ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे खोटी मापे आणि हलक्या मालाची भेसळ, यांची गणना आहे. कॉफीच्या व्यवहारात दोन्हींना भरपूर वाव असतो. फळे मोजताना काटा मारला, तर उत्पादक नागवला जातो. विकताना मिश्रण लपवले, तर ग्राहक.

मिश्रणाची बाब जैन कुटुंबांच्या स्वयंपाकघरालाही लागू पडते. दक्षिणी पद्धतीच्या अनेक कॉफी पुडींत आणि काही इन्स्टंट कॉफींत चिकोरी असते. चिकोरी ही भाजून दळलेली मुळी, अर्थात जमिनीखालील कंदमूळ. अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असणे आणि चिकोरीचे प्रमाण वेष्टनावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्या कुटुंबांनी ती ओळ अवश्य वाचावी.

दुकानदाराने ‘ही कॉफी कोणत्या भागातील, उत्पादकाला दर कशावरून दिला, यात आणखी काय मिसळले आहे’, हे तीन प्रश्न घाऊक विक्रेत्याला विचारण्याची सवय ठेवावी. उत्तरे सरळ मिळाली, तर किलोमागे चार पैसे अधिक देण्यास हरकत नसावी. ते पैसे डोंगरावरच्या त्या कुटुंबापर्यंत पोहोचले, तरच पुढील हंगामात लाल फळ निवडणारे हात त्याच झाडापाशी पुन्हा येतील.