पालखीचा मानकरी खंड्या

साताऱ्याहून कोरेगावच्या रस्त्याला लागलं की पाचेक किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णेचा संगम येतो. अलीकडच्या काठाला संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे इथले. १८१७ च्या ऑगस्टात दुसरा बाजीराव पेशवा आणि इंग्रज सेनानी जॉन माल्कम यांची भेट झाली तीही इथंच. पण यात्रेकरूंच्या दृष्टीनं माहुली म्हणजे आधी देवळं आणि घाट. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ त्यांतलं सर्वांत देखणं. खाली काळ्या दगडाचं भरभक्कम काम, वर विटा-चुन्याचं शिखर. समोरच्या काठावर रामेश्वर. घाटाच्या पायऱ्यांवर बसलं की दोन्ही देवळं एका नजरेत येतात.

साताऱ्याच्या राजघराण्याचं स्मशानही हेच. शाहू छत्रपती १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले आणि त्यांच्या राणी सकवारबाई इथं सती गेल्या. शाहूंची समाधी नदीच्या पात्रालगतच असल्यानं पुराच्या गाळा-वाळूत ती गडप होत आली आहे. त्यांच्या चुलती ताराबाईंची समाधीही इथलीच. आई येसूबाईंची समाधी स्थानिक अभ्यासकांनी अलीकडच्या काळात नक्की केली. ज्यांच्या नावावर अर्धा हिंदुस्थान चौथाई मोजत होता, त्या शाहूंची समाधी दरवर्षी पाण्याखाली जाते, याचं आपल्याला फारसं काही वाटत नाही, हे खटकतंच.

या सगळ्या राजसमाध्यांच्या शेजारात एक समाधी कुत्र्याची आहे. दगडी चौथरा आणि त्यावर दगडाचाच कुत्रा. हा खंड्या, शाहू महाराजांचा. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा खंड्यामुळं महाराज वाचले, असं साताऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. अशा कथा गावोगावी असतात आणि त्यांतल्या बहुतेक ऐकून सोडून द्यायच्या असतात. खंड्याची मात्र सोडून देता येत नाही, कारण तिला कागदाचा आधार आहे.

ग्रँट डफ हा साताऱ्याचा पहिला इंग्रज रेसिडेंट. राजवाड्यातले आणि जुन्या घराण्यांतले कागद त्याला पाहायला मिळाले आणि त्यावरून त्यानं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात हा कुत्रा आहे. महाराजांचा जीव वाचवणाऱ्या या कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद निघाली, त्याला पालखीचा मान मिळाला आणि तो पालखीचा सरंजाम खरोखरच चालू ठेवला गेला, असं डफ लिहितो. आणखी एक प्रसंग तो देतो. वऱ्हाडचे दोन सरदार दरबारात यायचे होते, तेव्हा महाराजांनी कुत्र्याला जरीची वस्त्रं, जवाहीर घातलं, आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि पुढं स्वतः कधी डोक्याला काही घातलं नाही.

डफ याला सरळ वेड म्हणतो. सातारकर हाच प्रसंग वेगळा सांगतात. त्यांच्या सांगण्यात सरदार एकच, इंद्रोजी कदम, आणि तो श्रीमंतीचा तोरा मिरवत आलेला. महाराज साध्या पांढऱ्या कपड्यात बसले आणि दागिने सगळे खंड्याच्या अंगावर. तुझी श्रीमंती आमच्या कुत्र्यालाही आहे, एवढंच सांगायचं होतं! मला ही दुसरी हकीकत जास्त पटते. शाहूंची साधी राहणी प्रसिद्ध आहे. शिवाय ज्यानं चाळीस वर्षं भल्याभल्या सरदारांना एकमेकांच्या उरावर बसू दिलं नाही, त्याला असा टोला सुचणं काही अवघड नव्हतं.

पालखीचा मान म्हणजे काय, हे आज चटकन ध्यानात येत नाही. मराठी राज्यात वाटेल त्याला पालखीत बसता येत नसे. तो मान सरकारातून मिळायचा आणि त्याच्यासोबत खर्चाची नेमणूक मिळायची. भोई, त्यांचा रोजमुरा, पालखीची डागडुजी, रात्रीच्या वाटेला मशालजी. आयुष्यभर तलवार गाजवून हा मान मिळालेली माणसं त्याच दरबारात उभी असतील आणि शेजारून कुत्र्याची पालखी जात असेल. त्यांनी मनात काय म्हटलं असेल ते कुठल्या कागदात उतरणार?

खंड्या एकटा नव्हता. राज्याच्या अठरा कारखान्यांच्या, म्हणजे खात्यांच्या, यादीत पीलखाना, तोफखाना, जवाहीरखाना यांच्याबरोबर शिकारखानाही येतो. शिकारी कुत्री, ससाणे, बहिरी, चित्ते, हरणं आणि त्यांना सांभाळणारी माणसं, हे सगळं या खात्यात. शाहू लहानपणी पकडले गेले ते १६८९ मध्ये आणि सुटले १७०७ मध्ये. सतरा-अठरा वर्षं ते औरंगजेबाच्या फिरत्या छावणीत वाढले. शिकारीची आवड तिथंच लागली असावी. रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद छापले, त्यांत शाहू आणि पेशव्यांच्या खासगी आयुष्याला एक वेगळा खंड दिला आहे. राजाचा दिनक्रम कळायला लढायांच्या बातमीपत्रांपेक्षा तो खंड वाचावा.

हे खातं एवढं मोठं असूनही त्याचे अवशेष म्हणून दाखवायला भिंत नाही. याउलट इंग्लंडात ससेक्समधल्या गुडवुड इस्टेटीवर ड्यूक ऑफ रिचमंडनं १७८७ मध्ये जेम्स वायट या नामांकित वास्तुकाराकडून शिकारी कुत्र्यांसाठी घर बांधून घेतलं. त्यात उष्णता खेळवायची सोय होती, जी ड्यूकच्या स्वतःच्या वाड्यात पुढं कितीतरी वर्षं आली नाही. ती इमारत आजही उभी आहे. आपल्याकडं दगड लागायचा तो तटाला, देवळाला, घाटाला. जनावरांच्या वाट्याला लाकडाचे खांब, कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर. वाड्यांची लाकडंसुद्धा जळाली, विकली गेली, तिथं कुत्र्यांच्या छपराचं काय टिकणार?

गुडवुडचं ते घर झालं त्याच दशकात पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता. तोही गेला. राहिली ती गंगाराम तांबट यांची चित्रं. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट मॅलेट याच्यासाठी काम करणाऱ्या या मराठी चित्रकारानं १७९० मध्ये तिथला गेंडा कागदावर उतरवला. त्याच परिसरात १९५३ मध्ये पेशवे पार्क झाला, पुढं तिथले प्राणी कात्रजला गेले. पर्वतीच्या शिकारखान्याचा असा कागद तरी आहे. साताऱ्याच्या शिकारखान्याचा दगडात उरलेला ऐवज म्हणाल तर हा माहुलीचा चौथरा.

हैदराबादच्या वाचकांना अशीच एक जागा घराजवळ सापडेल. अंबरपेठेतून मुसी ओलांडली की मुसारामबाग. तिथल्या टेकडीवर निजामाचा फ्रेंच सेनानी रेमंड याची कबर आहे, काळ्या दगडाच्या उंच स्तंभाची. खर्ड्याला १७९५ मध्ये तो मराठ्यांविरुद्ध लढला आणि १७९८ मध्ये वारला. शेजारी त्याच्या घोड्याची आणि कुत्र्याची थडगी असल्याचं तिथं सांगतात.

आणि शिवाजी महाराजांचा कुत्रा म्हणून सांगतात तो रायगडावरचा वाघ्या? तो पुतळा १९३६ चा, होळकरांच्या देणगीतून झालेला. वाघ्यानं महाराजांच्या चितेत उडी घेतल्याच्या कथेला समकालीन पुरावा नाही. तरी त्याच्यावरून २०१२ मध्ये पुतळा हलवण्यापर्यंत मजल गेली आणि २०२५ मध्ये वाद पुन्हा पेटला. ज्याची सनद निघाली त्या खंड्यावरून कधी कोणाचा शब्दाला शब्द लागला नाही.

माहुलीला जायचं तर उन्हाळ्यात जावं. कृष्णेचं पाणी उतरलेलं असतं, पात्रालगतच्या समाध्या उघड्या पडतात आणि घाटाच्या खालच्या पायऱ्यांपर्यंत चालता येतं. सातारा रेल्वे स्टेशन शहराला लांब असलं तरी माहुलीच्याच बाजूला आहे, तेव्हा गाडीनं येणाऱ्यानं आधी इथं उतरून मग गावात जावं. विश्वेश्वराच्या पुजाऱ्याला किंवा घाटावर धुणं धुणाऱ्या कोणालाही खंड्याची समाधी विचारावी. शाहू महाराजांची समाधी मात्र दोघा-तिघांना विचारावी लागेल.