मुंबईची लोकल : उतरायचे स्थानक आधी ठरवावे

उपचार, मुलाखत किंवा परीक्षेसाठी गोव्यातून मुंबईला जाणाऱ्यांची खरी कसोटी कोकण रेल्वेच्या गाडीतून उतरल्यावर सुरू होते. सोबत रुग्ण असेल, तर चुकलेल्या एका स्थानकामुळे जादा जिने चढावे लागतात आणि तपासणीची वेळही हुकू शकते. ही धावपळ टाळण्याचा उपाय सोपा आहे. कोठे उतरायचे, हे मडगावला गाडीत बसण्यापूर्वीच ठरवावे.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे तीन प्रमुख मार्ग आहेत. पश्चिम मार्ग चर्चगेटहून बोरिवली-विरारकडे जातो. मध्य मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून ठाणे-कल्याणकडे, तर हार्बर मार्ग तेथूनच वाशीमार्गे पनवेलला जातो. कोकणकन्या आणि मांडवी या गाड्या पनवेल, ठाणे, दादर या क्रमाने टर्मिनसला पोचतात. नेत्रावती एक्स्प्रेस मात्र कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला थांबते. ती दादरला जात नाही.

अंधेरी किंवा बोरिवली गाठायची असल्यास दादरला उतरून पादचारी पुलावरून पश्चिम मार्गावर यावे. दादरच्या फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३ पासून सलग आहेत : १ ते ७ पश्चिम मार्गाचे, ८ ते १४ मध्य मार्गाचे.

कर्करुग्णांच्या नातेवाइकांनी एक गोष्ट कागदपत्रांवर नीट पाहावी. टाटा मेमोरियलचे जुने रुग्णालय परळला आहे आणि दुसरे केंद्र नवी मुंबईत खारघरला. खारघरसाठी पनवेललाच उतरून हार्बर मार्गाची लोकल घ्यावी. परळसाठी दादरला उतरावे. टर्मिनसच्या दिशेने परळ हे पुढचेच स्थानक आहे. मात्र त्यासाठी धीमी लोकल पकडावी, कारण बहुतेक जलद गाड्या परळला थांबत नाहीत. रुग्ण अशक्त असेल, तर दादरहून सरळ टॅक्सी करणे शहाणपणाचे.

फलाटावरील दर्शकफलकावर गाडीचे अंतिम स्थानक, वेळ, डब्यांची संख्या आणि जलद की धीमी याची खूण असते. एफ म्हणजे जलद, एस म्हणजे धीमी. तिकीट काढल्यावर डबाही पाहावा. द्वितीय श्रेणीच्या तिकिटावर प्रथम श्रेणीत चढल्यास दंड होतो. महिलांसाठी वेगळे डबे असतात. दिव्यांग आणि कर्करुग्णांसाठीही राखीव डबा असतो. लोकल स्थानकात अर्धा मिनिटच थांबते, म्हणून आपले स्थानक येण्यापूर्वीच दाराकडे सरकावे.

बेस्टच्या बसची रीत गोव्याहून निराळी आहे. आपल्याकडे वाहक गावांची नावे पुकारतो आणि हात दाखवला की अनेकदा बस थांबते. मुंबईत बस थांब्यावरच मिळते आणि ती क्रमांकावरून ओळखावी लागते. मे २०२५ मधील दरवाढीनंतर पहिल्या ५ किलोमीटरसाठी साध्या बसचे भाडे १० रुपये, तर वातानुकूलित बसचे १२ रुपये आहे.

सकाळी ८ ते ११ या वेळेत गर्दी दक्षिण मुंबईकडे आणि संध्याकाळी ५ ते ९ या वेळेत उपनगरांकडे वाहते. कोकणकन्या पहाटे पोचते, त्यामुळे तिने गेल्यास ही गर्दी टळते. रुग्णासोबतच्या प्रवासात तिकीट काढताना भाड्याइतकाच हा विचारही व्हायला हवा.