लुओयांगच्या लेण्यांत आपले काय आहे?

दिवाळे येथील आमचे एक वाचक कामानिमित्त चीनला जाणार आहेत. काम आटोपल्यावर जानेवारीत त्यांच्या हाती दोन मोकळे दिवस राहतात आणि ते लुओयांग या प्राचीन राजधानीत घालवावेत असा त्यांचा मानस आहे. सोबत कोणी नाही, चिनी भाषा येत नाही आणि थंडी कडाक्याची. 'तेथे पाहण्यासारखे काय आहे?' एवढेच त्यांनी विचारले असते तर एखादी प्रवासपुस्तिका हाती देऊन आम्ही मोकळे झालो असतो. परंतु त्यांचा प्रश्न निराळा होता. 'तेथे आपले काय आहे?' असे त्यांनी विचारले. हा प्रश्न इतरांनाही पडण्याजोगा असल्यामुळे त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

प्रथम ऋतूविषयी. लुओयांगला गर्दी होते ती एप्रिलमध्ये, तेथील प्रसिद्ध पिओनी फुलांच्या बहरात. जानेवारीत पारा शून्याच्या आसपास असतो, हवा कोरडी असते आणि क्वचित बर्फही पडते. खाडीकाठच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाला ही थंडी बोचणारच. मात्र एकट्याने निवांतपणे शिल्पे पाहावयाची असतील तर याहून चांगला काळ नाही. एवढेच लक्षात ठेवावे की दिवस लहान असतो आणि दारे लवकर मिटतात. लाँगमेनच्या पश्चिम टेकडीवरील लेणी पूर्वाभिमुख आहेत, म्हणून तेथे सकाळीच पोहोचावे. दुपारनंतर शिल्पांवर सावली येते.

शहराच्या पूर्वेस सुमारे १२ किलोमीटरवर श्वेताश्व विहार आहे. हान वंशाच्या मिंग सम्राटास स्वप्नात सुवर्णकांती पुरुष दिसला, त्याने पश्चिमेकडे दूत धाडले, त्यांच्यासोबत काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भिक्खू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून आले आणि इ. स. ६८ मध्ये हा विहार उभारला गेला, अशी परंपरा आहे. ही कथा आजच्या स्वरूपात बरीच नंतरची आहे, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. परंतु इ. स. ६५ च्या एका राजाज्ञेत चू प्रांताच्या राजपुत्राकडे भिक्खू व उपासक असल्याचा उल्लेख येतो. म्हणजे स्वप्नाची गोष्ट बाजूला ठेवली तरी त्या सुमारास धम्म चीनमध्ये पोहोचला होता, हे निश्चित. दोन्ही भिक्खूंच्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या समाध्या आवारात आहेत. आजच्या बहुतेक इमारती मात्र मिंग व चिंग काळातील आहेत. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात येथील पुष्कळ मूर्ती नष्ट झाल्या. मुख्य दालनातील युआनकालीन अठरा अर्हत १९७३ साली बीजिंगच्या राजवाड्यातून येथे आणले गेले. जवळच ११७५ सालचा विटांचा तेरा मजली मनोरा आहे आणि त्याच्या आवारात भिक्खुणींचा विहार आहे.

याच परिसराच्या पश्चिम भागात सांचीच्या धर्तीवरील एक स्तूप दिसेल. तो प्राचीन नाही. २००३ साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी या विहारात येऊन गेले आणि त्यानंतर भारताच्या वतीने हे बांधकाम झाले. मे २०१० मध्ये त्याचे उद्‌घाटन तत्कालीन राष्ट्रपती, आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांनी केले. आत सारनाथच्या बुद्धरूपाची प्रतिकृती आहे. परदेशात ओळखीची आकृती पाहून मन सुखावते, हे खरे. पण 'आपले काय?' या प्रश्नाचे उत्तर म्हणून या स्तूपाकडे बोट दाखविणे आम्हास पुरेसे वाटत नाही. तो दोन शासनांमधील स्नेहाचा स्तूप आहे.

अधिक जवळचा दुवा माणसाचा आहे. ह्युएन त्संग याच लुओयांगच्या परिसरातला. त्याचा जन्म इ. स. ६०२ च्या सुमारास आजच्या यान्शी भागात झाला आणि लुओयांगच्याच विहारात तो बालवयात श्रामणेर झाला. राजाची परवानगी नसताना तो निघाला आणि इ. स. ६४१ च्या सुमारास पुलकेशीच्या महाराष्ट्रात पोहोचला. येथे शंभरावर संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचे त्याने नोंदविले. पूर्व सीमेवरील डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे वर्णन तो करतो, ते अजिंठ्याचे होय असे बहुतेक अभ्यासक मानतात. उपकार न विसरणारे आणि अपमान सहन न करणारे लोक, असे त्याने आपल्या पूर्वजांविषयी लिहून ठेवले आहे. म्हणजे आमचे वाचक ज्या वाटेने जाणार, तिच्या उलट दिशेने चौदाशे वर्षांपूर्वी तिथला माणूस इकडे येऊन गेला आहे.

आता लाँगमेन. शहराच्या दक्षिणेस यी नदीच्या दोन्ही तीरांवरील टेकड्यांत सुमारे एक किलोमीटरपर्यंत ही लेणी पसरली आहेत. उत्तर वेई वंशाच्या श्याओवेन सम्राटाने ४९३ च्या सुमारास राजधानी लुओयांगला आणली आणि खोदकामास वेग आला. २,३०० हून अधिक लेणी व कोनाडे, एक लाखाच्या आसपास मूर्ती आणि सुमारे २,८०० शिलालेख अशी मोजदाद सांगतात. २००० साली युनेस्कोने या स्थळास जागतिक वारशाचा दर्जा दिला.

सगळे प्रवासी जातात ते १७.१४ मीटर उंचीच्या वैरोचन बुद्धापुढे. हे शिल्प ६७५ साली पूर्ण झाले आणि त्यासाठी राणी वू झेत्येन हिने आपल्या शृंगाराच्या खर्चातून नाण्यांच्या २०,००० माळा दिल्याचा लेख आहे. मूर्तीचा चेहरा राणीच्या चेहऱ्यावरून घडविला, असेही वाटाडे सांगतात. त्यास पुरावा नाही. राजाराणीच्या गोष्टी ऐकण्यास गोड असतात, म्हणून त्या टिकतात. आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात, तोच हा प्रकार. ती पांडवांची नव्हेत, हे कोणी सांगितले? तेथल्याच शिलालेखांनी. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजाने लेण्यांकडे वारसा म्हणून पाहावयास सुरुवात केली तेव्हा आपल्या हाती सर्वांत भक्कम पुरावा होता तो या लेखांचाच. म्हणून आमची सूचना अशी की, भव्य बुद्धापुढे अर्धा तास जरूर थांबावे आणि मग लेखांकडे वळावे.

गुयांग नावाचे लेणे येथील सर्वांत जुने. भिंतीवर तळापासून छतापर्यंत कोनाडेच कोनाडे आहेत. चिनी सुलेखनकार लाँगमेनचे जे वीस लेख आदर्श मानतात, त्यांपैकी एकोणीस याच लेण्यातले. ४९५ सालचा एक लेख युची नावाच्या स्त्रीचा आहे. तिचा पती मोठा अधिकारी होता. तिने मैत्रेयाची मूर्ती कोरविली ती निवर्तलेल्या आपल्या मुलासाठी. तो दुःखातून सुटावा आणि दुर्गतीत पडू नये, एवढीच तिची इच्छा लेखात नोंदलेली आहे. दुसरा लेख ५०२ सालचा, सुन चिउशेंग आणि त्याच्याबरोबरच्या दोनशे माणसांचा. एकट्याला न परवडणारे दान दोनशेजणांनी मिळून दिले आणि दगडावर नावांची यादी कोरविली! विहारासाठी घरोघर पावतीपुस्तक घेऊन फिरलेल्या आमच्या कार्यकर्त्यांना हा लेख वेगळा समजावून सांगण्याची गरज पडू नये.

चिनी वाचता येत नसले तरी हे दाते ओळखता येतात. अनेक कोनाड्यांत बुद्धरूपाच्या खाली, पायाशी, लहान लहान माणसे ओळीने उभी असतात. तेच दान देणारे. बॅटरी खाली धरून पाहावे.

सातव्या शतकाच्या अखेरीचे व्यापाऱ्यांचे कोनाडेही येथे आहेत. लुओयांगच्या उत्तर बाजारातील रेशीम विकणाऱ्यांचा संघ आणि सुगंधी द्रव्ये विकणाऱ्यांचा संघ यांनी ते कोरविले. येथे नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्याची आठवण होते. उषवदाताने तेथे ३,००० कार्षापणे विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली, २,००० एका श्रेणीकडे आणि १,००० दुसरीकडे. त्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्खूंच्या चीवरांची सोय केली. (लेखात 'कोलिक' असा शब्द आहे. दिवाळ्याच्या कोळी बांधवांनी नावसाम्यावर जाऊ नये. त्याचा अर्थ विणकर असा आहे.) जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले. कान्हेरीत कल्याणच्या लोहाराने वाट बांधून दिली. लाँगमेनच्या एका लेण्यात तर भिंतीवर रोगांवरील सुमारे १४० औषधे कोरलेली आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावीत आणि बरे व्हावे. बुद्धपूजेच्या जागी औषधांची यादी हे आम्हास लाँगमेनमधील सर्वांत सुंदर शिल्प वाटते.

राजांचे दान कसे टिकले, तेही पाहावे. बिनयांगची तीन लेणी खोदण्यास ५०० ते ५२३ या काळात ८,०२,३६६ मनुष्यदिवस लागल्याची नोंद वेई वंशाच्या इतिहासात आहे. त्यांपैकी मधल्या लेण्याच्या भिंतीवर सम्राट आणि सम्राज्ञी यांच्या दोन मिरवणुका होत्या. १९३० च्या दशकात त्या छिन्नीने तुकडे तुकडे करून विकल्या गेल्या. आज सम्राटाची मिरवणूक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि सम्राज्ञीची कॅन्सस शहरातील नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात आहे. भिंतीवर खरवडलेला दगड उरला आहे. इतरत्रही शेकडो मूर्तींना शिरे नाहीत. शहरातील युंगनिंग विहाराचा नऊ मजली लाकडी मनोरा ५१६ साली सम्राटमातेने उभारला, तो ५३४ मध्ये जळाला. आज त्याचा मातीचा चौथरा दिसतो. ५४७ साली ओसाड नगरी पाहून यांग श्वेनझी याने लिहून ठेवले की १,३६७ विहारांपैकी ४२१ उरले आहेत.

आमच्या वाचकांना शक्य असल्यास त्यांनी लुओयांगचे दिवस चिनी पंचांगातील बाराव्या महिन्याच्या अष्टमीशी जुळवून घ्यावेत. ही तिथी साधारणतः जानेवारीत येते. आपण तथागतांची संबोधी वैशाखी पौर्णिमेस मानतो, चिनी परंपरा ती या दिवशी मानते. त्या सकाळी चीनमधील विहारांत तांदूळ, डाळी, खजूर व सुकामेवा घालून शिजविलेली पेज येणाऱ्या प्रत्येकास वाटतात. सुजातेने दिलेल्या खिरीची ती आठवण असल्याचे तेथील लोक सांगतात. कोण कुठला, हे कोणी विचारत नाही. रांग मोठी असते आणि पहाटेच लागते. हातमोजे घालावेत आणि जवळ आपली एक वाटी ठेवावी.