बाईकवर बसल्या बसल्या शटर वर!

अंगावर रेनकोट, हातात ग्लोव्ह्ज, पाठीवर सॅक. गोदामासमोर बाईक थांबते आणि शटरचा रिमोट नेमका पँटच्या आतल्या खिशात! राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ या पट्ट्यात राहत असाल तर गोदामं तुमच्यासाठी नवी नाहीत. मुंबईची जकात चुकवून माल ठेवायला ही जागा सोयीची होती. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र राहिली. तुमच्या गोदामाचं किंवा घरच्या गाळ्याचं शटर मोटरवर चालत असेल, तर डोक्यात एक आयडिया येतेच : रिमोट बाईकलाच बसवला तर?

बसवता येतो, तोही घरच्या घरी. पण हेही लक्षात घ्या, की बाईकला रिमोट लावणं म्हणजे गोदामाची चावी रस्त्यावर पार्क करणं. त्यामुळे आधी मालकाला किंवा घरच्यांना विचारा, मगच सोल्डरिंग गन हातात घ्या.

सामान काय लागेल?

एक जादा रिमोट, १२ व्होल्टचा छोटा रिले, एक डायोड, एक अ‍ॅम्पिअरचा फ्यूज, पाणी न शिरणारं पुश बटण आणि वायर. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळं एका फेरीत मिळतं.

रिमोट थेट बाईकच्या बॅटरीवर चालवू नका. ‘१२ व्होल्ट’ म्हणतो खरं, पण इंजिन चालू असताना तिथे १४ च्या आसपास व्होल्टेज असतं. तीन व्होल्टच्या बटण सेलवर चालणारा रिमोट तर जागीच जाईल. रिमोटचा स्वतःचा सेल तसाच राहू द्या. रिमोटच्या बटणाची दोन टोकं मल्टिमीटरने शोधा, त्यांना वायर सोल्डर करा आणि त्या रिलेच्या ‘कॉमन’ आणि ‘एनओ’ पिनांना जोडा. रिलेच्या कॉइलला सप्लाय द्यायचा तो इग्निशन स्विचच्या पुढून, फ्यूज आणि हँडलवरच्या बटणातून. डायोड कॉइलला समांतर, पट्टीचं टोक प्लसकडे.

काही जण वेगळं बटण न लावता हाय बीमच्या वायरवरूनच रिले चालवतात. अप्पर मारला की दार उघडतं. दिसायला भारी, पण रात्री हाय बीम लावून अर्धा तास चाललात तर रिमोट अर्धा तास सिग्नल सोडत बसेल आणि सेल संपेल. वेगळं बटणच बरं.

रिमोट पेट्रोलच्या टाकीखाली लपवू नका, पत्रा सिग्नल अडवतो. सीटखाली किंवा पुढच्या प्लॅस्टिक कव्हरच्या आत, स्पार्क प्लगच्या वायरपासून लांब ठेवा. सगळे जोड हीट श्रिंकने झाका. आणि बाईक वॉरंटीत असेल तर कंपनीच्या वायरिंगला कापाकापी करण्यापूर्वी अटी वाचा.

तुमचा रिमोट कुठल्या जातीचा?

रिमोट उघडून पाहा. आत बारीक स्विचांची रांग दिसली, किंवा चिपवर २२६२, १५२७ असे आकडे दिसले, तर कोड फिक्स आहे. म्हणजे दर वेळी तोच सिग्नल जातो. आठ स्विच म्हणजे फक्त २५६ कोड. १५२७ मध्ये दहा लाखांहून जास्त, पण एकदा कुणी सिग्नल रेकॉर्ड केला की आकडा कितीही मोठा असो, उपयोग शून्य. चावीवाल्याने मिनिटभरात तुमच्या रिमोटची कॉपी काढून दिली असेल, तर बहुधा तो याच जातीचा.

२०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकी संशोधकाने मुलांच्या मेसेजिंग खेळण्यात थोडा बदल करून फिक्स कोडची गॅरेज दारं १० सेकंदांच्या आत उघडून दाखवली. रोलिंग कोडच्या रिमोटमध्ये प्रत्येक दाबाला कोड बदलतो, जुना पुन्हा चालत नाही. त्यावरही मात करता येते, हे त्याच कामकारने त्याच वर्षी दाखवलं. तरीही फिक्सपेक्षा रोलिंग कितीतरी चांगला. रिसीव्हर जुना असेल तर आधी तो बदला, बाईकचं नंतर बघू.

बाईक चोरीला गेली किंवा विकली तर? शटरच्या रिसीव्हरची मेमरी पुसा आणि घरातले बाकीचे रिमोट पुन्हा जोडा. हे कसं करायचं, ते शटर बसवणाऱ्याकडून आजच शिकून घ्या.

शटर दिसतंय ना?

अमेरिकेत १९९३ पासून घरगुती गॅरेजच्या ऑटोमॅटिक दारांना कुणी मध्ये आलं तर दार उलटं फिरवणारी सोय सक्तीची आहे. तुमच्या शटरला सेन्सर आहे का, ते रिकामा खोका खाली ठेवून तपासा. नसेल तर बाईकवरून फक्त उघडायचं. बंद करायचं ते उतरून, समोर उभं राहून. वळणाआडून बटण दाबायची हौस नको, शटरखाली एखादं पोरगं खेळत असू शकतं.

सगळं जोडून झालं की शेवटची टेस्ट. बाईकची चावी काढा आणि हँडलवरचं बटण दाबा. काहीच झालं नाही? मग तुमचं काम जमलंय.