अस्वलाची शिकार आणि काडतुसाची पारख

कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं ओळीनं लागतात. यातलं अंबरनाथ १०६० सालच्या शिवमंदिरामुळे सर्वांच्या ओळखीचं. पण या गावाला दुसरीही ओळख आहे. स्वातंत्र्यानंतर इथं सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली. तिथं धातू वितळवून, लाटून काडतुसांसाठी पितळी वाट्या केल्या जातात. अशी वाटी यंत्रात ओढून ओढून लांब केली, की काडतुसाचं कवच तयार होतं.

पितळच का, असा प्रश्न वर्गातली मुलं विचारतील. या पितळेत शंभर भागांत सुमारे सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असतं. बार उडाला की कवच क्षणभर फुगतं आणि बंदुकीच्या खोबणीला घट्ट चिकटतं. त्यामुळे जळता वायू मागे, नेम धरणाराच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की पितळ पुन्हा आवळतं आणि रिकामं कवच सहज बाहेर निघतं. लोखंडाला हे इतकं चांगलं साधत नाही.

काडतुसाचे भाग चार. बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू, भोवती कवच आणि तोंडाशी गोळी. आपण बोलताना सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो. पण नळीतून बाहेर जाते ती फक्त पुढची गोळी.

आता मुख्य गोष्ट. अस्वलासारख्या जनावरासाठी काडतूस कसं निवडीत? पहिला नियम असा, की काडतूस रायफलीचं असावं, माणसाच्या पसंतीचं नव्हे. आपल्याकडे ३०३ हे लष्करी काडतूस सामान्य परवानेदाराला मिळत नसे. म्हणून इशापूरच्या कारखान्यातली ३१५ बोअरची रायफल लोकांच्या हाती आली. ३१५ म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, एका इंचाचे ३१५ सहस्रांश, म्हणजे ८ मिलिमीटर. दिसायला सारखं म्हणून दुसरंच काडतूस कोंबलं, तर नळी फुटून स्वतःचाच डोळा जायचा.

दुसरा नियम वजनाचा. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात; एका ग्रॅमला सुमारे साडेपंधरा ग्रेन. ३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम. अमेरिकेत काळ्या अस्वलासाठी १९०६ साली निघालेलं ‘थर्टी-ऑट-सिक्स’ काडतूस अनेकजण वापरतात. त्यात १८० ग्रेनची, म्हणजे पावणेबारा ग्रॅमची गोळी चालते. अस्वलाच्या अंगावर दाट केस, चरबी आणि जाड स्नायू. हलकी, फार वेगवान गोळी वरच्यावर फुटते, आतपर्यंत पोचत नाही.

तिसरा नियम गोळीच्या टोकाचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. लष्करी गोळीला सगळीकडून तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असतं. ती बहुधा आरपार निघून जाते. शिकारी गोळीच्या टोकाशी शिसं उघडं ठेवतात. लागली की ती फुलासारखी उमलते आणि जनावर लवकर मरतं. अशी उमलणारी गोळी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात बनली, म्हणून तिचं नाव जगभर ‘डमडम’ पडलं. १८९९ साली हेगच्या परिषदेत युद्धात ती वापरण्यास मनाई झाली. शिकारीत मात्र तीच बरी मानतात, कारण जनावर तडफडत राहत नाही.

हे सारं सांगायचं कारण काय? चुकीची गोळी घातली की अस्वल जखमी होऊन झाडीत शिरे. शिकारी घरी जाई, आणि दुसऱ्या दिवशी मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईच्या अंगावर ते पिसाळलेलं जनावर येई. शिकाऱ्याच्या चुकीची किंमत गाव मोजीत असे.

आता आपल्या देशात हा खेळ संपला आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्यानं होणारी शिकारही बंद झाली. आपल्या मेळघाटातलं, विदर्भातलं, बुलढाण्याच्या ज्ञानगंगेतलं अस्वल आज पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरलेलं किंवा बरं न होण्याइतकं आजारी जनावर मारण्याची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. अंगावर आलेल्या जनावराला जीव वाचवताना मारावं लागलं, तर कायदा त्याला गुन्हा मानीत नाही. पण मेलेलं जनावर सरकारचं असतं. वनखात्याला लगेच कळवावं.

तेव्हा अस्वलाच्या मुलखात राहणाऱ्यांनी काडतुसापेक्षा रीत सांभाळावी. मोहाच्या दिवसांत भल्या पहाटे एकट्यानं जाऊ नये. चौघांनी बोलत, काठी आपटीत जावं. अस्वलाला दुरून चाहूल लागली तर बहुधा तेच वाट बदलतं. अवचित गाठ पडली की मात्र ते भिऊन अंगावर येतं. पिलं दिसली तर जवळ जाऊच नये.

आणि एक गोष्ट गुरुजींनी मुलांना जरूर सांगावी. आजोबांच्या पेटीत, माळ्यावर किंवा भंगारात जुनं काडतूस सापडलं, तर ते ठोकू नये, विस्तवात टाकू नये, पितळेच्या लोभानं उघडू नये. दारू किती जुनी आहे ते बाहेरून दिसत नाही आणि टोपी अजून जिवंत असू शकते. परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. ते जिथं आहे तिथंच राहू द्यावं, मुलांना दूर ठेवावं आणि पोलीस ठाण्याला खबर द्यावी.