रीच स्टॅकर

रीच स्टॅकर हे मालवाहू कंटेनर उचलून त्यांच्या थप्प्या रचणारे अवजड स्वयंचलित वाहन आहे. रायगड जिल्ह्यातील न्हावाशेवा येथे २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या परिसरात, तसेच भोवतालच्या कंटेनर आगारांत ही वाहने वापरली जातात. तेथून गुजरातकडे जाणारे ट्रेलर घोडबंदर मार्गाने मीरा-भाईंदरच्या सीमेवरील वरसावे पूल ओलांडतात. त्यांवरील कंटेनर चढविण्या-उतरविण्याचे काम अशा यंत्रांकडे असते. ‘थप्पीयंत्र’ असा प्रतिशब्द सुचविता येईल. परंतु गोदीत इंग्रजी नावच रूढ आहे.

शक्तिसंक्रमण

वाहनाचे स्वतःचे वजन साधारणतः ६५ ते ८० टन असते व पहिल्या रांगेतील सुमारे ४५ टन भार ते उचलू शकते. डिझेल इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमार्फत गिअरपेटीकडे जाते. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला असता त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. येथे हवेऐवजी तेल असते. त्यामुळे भार असतानाही वाहन धक्का न बसता हलते. पुढे विभेदक गिअर व चाकाच्या तुंब्यातील ग्रहमालिका गिअर वेग घटवून पीळ वाढवितात. पीळ अगदी शेवटच्या टप्प्यात वाढत असल्याने आतील दंड तुलनेने बारीक ठेवता येतात.

सुकाणू

इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते, वळतात मात्र मागची चाके. द्रवदाबावर चालणारा दट्ट्या ती वळवितो. साहजिकच वाहन उजवीकडे वळताना त्याचा मागील भाग डावीकडे झेपावतो. मागे उभ्या असलेल्या कामगाराला हे अनपेक्षित असते आणि म्हणूनच ते प्राणघातक ठरू शकते. शिवाय भार पुढे लटकत असल्याने मागच्या चाकांवरील वजन घटते व सुकाणूची पकड सैल होते.

ब्रेक

वाहन व कंटेनर मिळून १०० टन वस्तुमान ताशी २० किलोमीटर वेगाने जात असल्यास त्याची गतिज ऊर्जा सुमारे १५ लाख ज्यूल होते. त्याच वेगाने जाणाऱ्या १.२ टनांच्या मोटारीच्या ती ऐंशीपटींहून अधिक आहे. थांबताना ही सारी ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. दिवसभर असे थांबत राहिल्यास कोरड्या तबकड्या तापून निकामी होतील. त्यामुळे पुढच्या चाकांतील तबकड्या तेलात बुडविलेल्या असतात व ते तेल थंड करून पुन्हा फिरविले जाते. उभ्या वाहनाचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो. दाब गेलाच तर तो आपोआप आवळला जातो.

उत्तम ब्रेकही येथे धोक्याचा होऊ शकतो. कंटेनर उंच धरून वेगात असताना ब्रेक जोराने दाबल्यास जडत्वामुळे वाहन पुढे कलंडते. भार खाली घेऊन व बाहू आखडूनच वाहन चालवावे, हा नियम त्यामुळेच आहे.