पॉम्पेई पाहायला जाताय? एक तृतीयांश शहर अजून मातीखाली का आहे, हे आधी समजून घ्या

इटलीतल्या नेपल्सहून सोरेंतोकडे जाणारी लोकल पकडली की साधारण पाऊण तासात ‘पॉम्पेई स्कावी’ स्टेशन येतं. ‘स्कावी’ म्हणजे उत्खनन. स्टेशनाजवळच जुन्या शहराची वेस आहे आणि आत गेलं की थेट रोमन काळातला रस्ता लागतो. पण काय पाहायचं हे ठाऊक नसेल तर पॉम्पेई म्हणजे उन्हात तापलेल्या पडक्या भिंती, एवढंच वाटतं. त्यात अनेक जण एक प्रश्न हमखास विचारतात: शहराचा मोठा भाग अजून मातीखाली आहे, मग तो खणून काढत का नाहीत? या प्रश्नाचं उत्तर कळलं की पॉम्पेईही कळायला लागतं.

नेमकं काय झालं होतं?

इसवी सन 79 मध्ये शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला. शहर लाव्हाखाली गेलं असा सर्वसाधारण समज आहे, तो चुकीचा आहे. आधी कित्येक तास हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत राहिला. त्या वजनानं घरांची छपरं खाली आली. बरेच लोक तेवढ्या वेळात पळून गेले. जे मागे राहिले, त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अतितप्त वायू आणि राखेचे लोट येऊन आदळले. शहर कित्येक फूट थराखाली गाडलं गेलं.

ही घटना 24 ऑगस्टची, असं पूर्वी सगळीकडे छापलं जायचं. मात्र 2018 मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली ओळ सापडली. तिच्यावरची तारीख आपल्या हिशेबानं 17 ऑक्टोबर येते. त्यामुळे उद्रेक ऑक्टोबरमध्ये झाला असावा, असं आता अनेक अभ्यासक मानतात.

‘दगड झालेली माणसं’ हाही असाच एक समज. राखेत गाडलेले देह कुजून गेले आणि घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. 1863 मध्ये जुझेप्पे फियोरेल्ली यांनी या पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतायची पद्धत सुरू केली. आज दिसतात ते हे साचे. आत खरी हाडं असतात. त्यामुळे तिथे उभं राहून हसत फोटो काढणं बरं दिसत नाही.

अवशेष वाचायचे कसे?

रस्त्यापासून सुरुवात करावी. फरसबंदीत बैलगाडीच्या वाटेसारख्या चाकोऱ्या पडलेल्या दिसतात. मध्येच उंच दगड ओळीनं बसवलेले आहेत, ते पाणी-चिखलात पाय न घालता रस्ता ओलांडण्यासाठी. दोन दगडांमधल्या फटीतून गाडीची चाकं जायची. रस्त्याकडेच्या ओट्यात गोल तोंडाचे रांजण बसवलेले दिसले तर ती खाण्यापिण्याची दुकानं. काळ्या दगडाची मोठी जाती दिसली की समजावं, इथे भट्टी होती. अशाच एका भट्टीत जळून कोळसा झालेले 81 पाव सापडले. भिंतींवर अमक्याला निवडून द्या म्हणून रंगवलेल्या निवडणुकीच्या घोषणा आहेत. आपल्याकडच्या भिंती पाहिलेल्यांना त्याचं नवल वाटणार नाही.

हे शहर मुळात रोमन नव्हे. इसवी सनपूर्व सहाव्या शतकातलं ग्रीक धाटणीचं मंदिर आणि ग्रीक पद्धतीचं, उतारावर बांधलेलं नाट्यगृह इथे आहे. रोमची वसाहत ते इसवी सनपूर्व 80 मध्ये झालं.

दख्खनशी नातं

1938 मध्ये इथल्या एका घरात सुमारे वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर भरगच्च दागिने, दोन बाजूंना दोन दासी. ही मूर्ती उघडच भारतीय होती. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव तिला चिकटलं, पण ती लक्ष्मी की यक्षी यावर मतभेद आहेत. सुरुवातीला ती मथुरेकडची मानली गेली. पुढे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला 1970च्या दशकात झालेल्या उत्खननात तिच्याशी जवळचं साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती मिळाली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तशीच मूर्ती मिळालेली आहे. त्यामुळे पॉम्पेईची मूर्ती सातवाहनांच्या मुलखातली असावी, या मताला बळ आलं. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवरून भडोच बंदरात जायचा, अशी नोंद पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती याच व्यापाराची साक्ष देते. भारतीय मालापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात, असं थोरल्या प्लिनीनं लिहून ठेवलं. हा प्लिनी याच व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही मूर्ती चोरबाजारात मिळाली असती तर ती एक सुंदर वस्तू, एवढंच राहिलं असतं. ती 79 सालच्या राखेखाली सापडली, म्हणून ती त्याआधीचीच हे पक्कं झालं. भोकरदनची जोडीदार मूर्तीही रीतसर उत्खननात मिळाली, म्हणून दोन्हींचा मेळ घालता आला. कुठल्या थरात आणि कशाशेजारी सापडली, ही माहिती गेली की वस्तू मुकी होते.

मग उरलेलं खणत का नाहीत?

वेशीच्या आतलं शहर सुमारे 66 हेक्टर, म्हणजे 160 एकरांच्या आसपास. 1748 पासून खणून त्यातलं दोन तृतीयांश उघडं झालं. पण राखेनं जे सतराशे वर्षं जपलं, ते उघड्यावर आल्यावर पाऊस, ऊन, गवत आणि माणसांच्या पायांनी झिजू लागलं. 1943 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी टाकलेले दीडशेहून अधिक बाँबही इथे पडले. नोव्हेंबर 2010 मध्ये पावसानंतर एक अख्खी इमारत कोसळली. त्यानंतर 10.5 कोटी युरोंचा दुरुस्ती प्रकल्प हाती घ्यावा लागला.

म्हणून नवं खोदकाम आता मोजकंच होतं. मुख्यतः खचणाऱ्या कडा सावरायच्या असतील किंवा चोरी थांबवायची असेल तिथेच. वेशीबाहेरच्या चिविता जुलियाना इथे चोरांनी बोगदे पाडले होते. ते रोखण्यासाठी 2017 मध्ये उत्खनन सुरू झालं आणि 2021 मध्ये तिथून नक्षीदार चारचाकी रथ बाहेर आला. उरलेला एक तृतीयांश भाग पुढच्या पिढ्यांसाठी ठेवलेला आहे, कारण त्यांच्याकडे आजच्यापेक्षा चांगली साधनं असतील. प्लास्टरचं तंत्र येण्याआधी शंभर वर्षं खोदकाम चाललं होतं. त्या काळात किती पोकळ्या नकळत फुटल्या असतील, त्याला हिशेब नाही.

जाताना

नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 जणांनाच प्रवेश मिळतो आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे आधी आरक्षण करावं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, पण गर्दीही तशीच. मोठी बॅग आत नेता येत नाही. सावली कमी आणि दगड उंचसखल, तेव्हा टोपी आणि चांगल्या तळव्याचे बूट हवेत. हस्तिदंती मूर्ती पाहायची तर नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवावा. भिंतीला हात लावू नये आणि खडाही खिशात घालू नये.

तिथला हा नियम गावाकडेही लागू आहे. नांगराला लागलेलं नाणं किंवा पायाच्या खड्ड्यात निघालेलं खापर परस्पर विकलं, तर त्यासोबत त्या गावाच्या इतिहासाचा एक दुवा कायमचा जातो.